नदी परत भरून देते का?



नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. भीमाकाठच्या एका गावात नेमणूक होती. सातवीतला एक मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेले. मुलगा घरी नव्हताच. वडील ओट्यावर बसले होते.

"टिपरवर जायलाय मॅडम," ते म्हणाले. "किन्नर म्हणून."

आपण शिक्षक अशा वेळी जे बोलतो ते सगळं मी बोलले. हुशार आहे, गणित चांगलं आहे, दहावी तरी होऊ द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिकून तरी काय करायलेत पोरं? डीएड करून किती जण घरी बसलेत बघा की. इथं रोज संध्याकाळी हातात रोख पैसा यायलाय."

मी म्हटलं, "आणि वाळू संपली तर?"

ते हसले. "वाळू कुठं संपती व्हय मॅडम? पावसाळा आला की नदी परत भरून देतीय."

मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकवलं होतं, पाठ टाचण शिकवलं होतं, पण नदीत वाळू येते कुठून आणि किती दिवसांत येते, हे कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय डी.एड.चा टोमणा खराच होता. गावोगाव कॉलेजं निघाली, पोरापोरींनी रांगा लावल्या आणि २०१० च्या सीईटीनंतर भरती कितीतरी वर्षं थांबली. म्हणजे लाट काय असते आणि ओसरली की काय होतं, हे आमच्या पिढीच्या शिक्षकांनी वाळूशिवायही अनुभवलंय. असो.

त्या वडिलांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज द्यायचा प्रयत्न करते.

आधी आमचा भाग सांगते, कारण हे वाचणारे सगळेच सोलापूरचे नसतील. मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं मोठं गाव. सोलापूरहून विजयपूरकडे निघालात की वडकबाळला सीना ओलांडायची, मग मंद्रूप, पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर आम्ही राहतो. खाली हत्तरसंग कुडलला या दोन्ही नद्यांचा संगम होतो. तिथल्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये गणला जातो. सहलीला मुलांना नेलं की मी त्यांना सांगते, हजार वर्षांपूर्वी इथं लोक लिहीत होते. हजार वर्षं माणसं या नद्यांच्या काठी राहिली, नदीची वाळू घरापुरती वापरली आणि ती संपली नाही. मग एका पिढीत असं काय झालं?

शहरं वाढली. पुण्यात, सोलापुरात, हैदराबादच्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या आणि भीमेच्या वाळूला भाव आला. नदीकाठच्या गावांत ट्रॅक्टर गेले, टिपर आले. रस्त्याला धाबे, टायरची दुकानं, वेल्डिंगची शेडं निघाली. लग्नं मोठी व्हायला लागली. शाळेला सुद्धा देणगी मिळायची, ते नाकारून चालणार नाही. ज्या दिवशी गॅदरिंगला कुणी पाच हजार रुपये देऊन गेलं त्या दिवशी आम्हीही टाळ्या वाजवल्याच.

आता गणित. तो मुलगा परत शाळेत आला नाही, पण त्याच्या धाकट्या भावंडांच्या वर्गात मी ब्रासचं गणित घेतलं. ते मी अजूनही घेते, तुम्हीही घेऊन बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट जाडीचा थर. नदीकाठच्या पोरांना हे पुस्तकाच्या आधी माहीत असतं. समजा, गावाच्या शिवारात नदीचा १००० फूट लांब आणि ३०० फूट रुंद पट्टा आहे आणि त्यात सरसकट १० फूट जाडीची वाळू आहे. गुणाकार करा: ३० लाख घनफूट, म्हणजे ३० हजार ब्रास. आता रोज ५० टिपर भरतात आणि एका टिपरमध्ये ३ ब्रास मावते असं धरा. रोजची १५० ब्रास. ३० हजार भागिले १५०.

उत्तर येतं २०० दिवस.

आकडे मी सोपे पडावेत म्हणून धरलेत, खऱ्या नदीत थर कुठं जाड, कुठं पातळ असतो. पण २०० हा आकडा शिक्षकाच्या डोक्यात लगेच वाजतो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीचं शैक्षणिक वर्ष किमान २०० दिवसांचं आहे. म्हणजे हजारो वर्षांत साचलेली वाळू जायला आमच्या मुलांचं एक इयत्तेचं वर्ष पुरतं. पहिल्यांदा हे फळ्यावर मांडलं तेव्हा मलाच पटलं नाही, मी भागाकार परत करून बघितला.

पण त्या वडिलांचं म्हणणं अजून बाकी आहे. नदी परत भरून देते, त्याचं काय?

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लहानपणी नदी खरंच भरून देत असेल. जुन्या गणिताच्या पुस्तकांत टाकीची उदाहरणं असायची, आठवतात ना? एका नळाने टाकी भरते, दुसऱ्या तोटीने रिकामी होते, दोन्ही एकदम सुरू ठेवली तर काय होईल? नदीतली वाळू हे तसंच उदाहरण आहे. वरून येणारा नळ म्हणजे पूर. पूर डोंगरातले दगड झिजवतो, फोडतो, ती वाळू तळाशी घसटत, सरपटत खाली येते. बारीक गाळ पाण्यात तरंगत जातो, पण वाळू जड असते, ती तळानेच चालते. आणि तळाने चालणाऱ्या वस्तूला धरणाची भिंत ओलांडता येत नाही.

भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या वरही भीमेच्या उपनद्यांवर धरणं आहेत. नरसिंगपूरला भीमेला मिळणाऱ्या नीरेच्या खोऱ्यात भाटघर, वीर आहेतच. सीनेवर कोळेगावचं धरण आहे, आणि दोन्ही नद्यांवर जागोजागी बंधारे. नळ पुरता बंद झाला असं मी म्हणत नाही. माण नदी येते, ओढे येतात, थोडीफार वाळू येत राहते. पण मोठा नळ आवळला गेलाय. आम्ही जी वाळू उपसली ती बहुतांशी धरणाआधीची, आजोबा-पणजोबांच्या काळात साचलेली. ज्या पिढीने नळ आवळलेला पाहिला, तिनेच तोटी सगळ्यांत जास्त उघडली. यात धरण बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. धरण नसतं तर या भागात आज काय असतं ते सांगायला नको. फक्त हिशोब बदलला, आणि तो बदलला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

कुणी म्हणेल, २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला एवढा महापूर आला, तेव्हा वाळू नाही का आली? आली असेल कुठं कुठं. पण काठच्या शेतकऱ्याला विचारा काय गेलं. माती खरवडून गेली. पात्र खोल झालेलं, काठ ढासळलेले, त्यात पूर आला की तो नुसता भरत नाही, तोडत जातो. नदीच्या अंगावर वाळूचं पांघरूण असलं तर पाण्याचा मार वाळू खाते. पांघरूण काढून घेतलं की काठ मार खातो.

वाळूचं आणखी एक काम असतं आणि ते तर वर्गात दाखवता येतं. एक पेला वाळूने काठोकाठ भरा. मुलांना विचारा, भरला का? भरला म्हणतात. मग त्यात सावकाश पाणी ओता. जवळजवळ पेल्याचा तिसरा हिस्सा पाणी आत जातं, पेला सांडत नाही. मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात. मग फळ्यावरच्या त्या ३० लाख घनफुटांकडे वळा. त्याचा तिसरा हिस्सा १० लाख घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख लिटर पाणी. १० हजार लिटरचे २८०० टँकर. ते सगळं काढता येत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात नदी आटल्यावर काठच्या विहिरींना झरे याच साठ्यातून लागायचे. पूर्वी बाया नदीत झिरे काढून घागरी भरायच्या, हे मला इथल्या एका आजींनी सांगितलं. आता त्या जागी खडक उघडा आहे. म्हणजे एक ब्रास वाळू विकली तेव्हा तिच्याबरोबर तिच्यात दर वर्षी साठणारं पाणीही गेलं. त्याचे पैसे कुणी लावले नव्हते.

वाळूची चलती किती दिवस टिकली? माझ्या पाहण्यातल्या गावांत साधारण पहिलीत आलेलं पोर दहावीला जाईपर्यंत. आणि गंमत अशी की, नदीतला शेवटचा कण संपायच्या आधीच ती संपली. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. माल संपेपर्यंत तेजी टिकते असं आपण धरून चालतो, ते तसं नसतं.

एक तर कायदा आडवा येतो. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळू, मुरूम अशा गौण खनिजांच्या उत्खननालासुद्धा पर्यावरणाची परवानगी लागेल. लिलाव अडायला लागले, वेळेत होईनात. मग जे व्हायचं ते झालं, दिवसाचा धंदा रात्रीचा झाला. तालुक्या-तालुक्याच्या सरकारी आवारात जप्त केलेली वाहनं गंजत उभी असलेली तुम्हीही पाहिली असतील. त्या प्रत्येक वाहनावर कुणाचं तरी कर्ज आहे. २०२३ मध्ये सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं, २०२५ मध्ये ते पुन्हा बदललं आणि कृत्रिम वाळूला उत्तेजन द्यायचं ठरलं.

ही कृत्रिम वाळू म्हणजे दुसरी गोष्ट. खडी क्रशरवर दगड दळून केलेली क्रश सँड. आज आमच्याकडे बांधकामावर बघा, काळी-करडी वाळू दिसते. चांगली की वाईट हे इंजिनिअर सांगतील, पण तिने नदीच्या वाळूचा मक्ता मोडला. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात असंच झालं होतं. तिथल्या वाळवंटातला सोरा जगभर खतासाठी जायचा, त्यावर गावंच्या गावं उभी राहिली. मग जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायची युक्ती निघाली, १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत चिलीतली ती गावं ओस पडली. सोरा जमिनीत होता तिथंच होता. घ्यायला गिऱ्हाईक राहिलं नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर गोवा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतलं लोहखनिज चीनला जायचं. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास निर्यात व्हायची. लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, बार्ज घेतले. शेतात खाणीचा गाळ आला तरी चालवून घेतलं, कारण घरात ट्रक होता. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे काही सुरू झाल्या, पण २०१८ मध्ये ८८ लीज न्यायालयाने रद्द ठरवले आणि पुन्हा सगळं ठप्प. डोंगरात खनिज शिल्लक होतंच. दारातला ट्रक मात्र हप्ते थांबवत नाही.

आता थोडं अवघड बोलते. वाळूवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे, कारण ते गावातले पंधरा-वीस जण असतात. पण आमच्या जिल्ह्याची खरी मोठी तेजी वाळूची नाहीच, ती पाण्याची आहे. आणि तिच्यात आपण सगळे आहोत. माझ्या सासरीही ऊस आहे.

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा. मूळचा हा ज्वारीचा मुलूख. काळ्या मातीतल्या ओलीवर, नुसत्या थंडीच्या दवावर मालदांडी पिकायची आणि अजून पिकते. त्या ज्वारीने कुणाला बंगला बांधून दिला नाही, पण शेकडो वर्षं तिने कुणाला फसवलंही नाही. मग उजनी आली, पाणी आलं, ऊस आला. महाराष्ट्रातल्या लागवडीच्या जमिनीत उसाचा वाटा साधारण चार टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र तो साठ-सत्तर टक्के, असं तज्ज्ञांच्या अहवालांत वर्षानुवर्षं येतंय.

उजनीचं एकूण पाणी साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा, वरचं सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरहून अधिक. उपयुक्त पाणी संपलं की धरण शून्य टक्के आणि त्याच्या खाली गेलं की उणे. आमच्याकडच्या चौथीच्या मुलांना ऋण संख्या शिकवाव्या लागत नाहीत. अभ्यासक्रमात त्या नंतर येतात, पण "उजनी मायनसमध्ये गेली" हे ते घरी रोज ऐकतात. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. म्हणजे ज्याला हात लावायचा नसतो त्या साठ्यातलं २५ टीएमसीहून जास्त पाणी आपण वापरलं. पुढच्याच पावसाळ्यात धरण भरलं, आणि आम्ही विसरलो.

इथं वाळूत आणि पाण्यात फरक आहे, तो मान्य केला पाहिजे. उजनीचं पाणी दर वर्षी येतं. ते साठ्याचं नाही, आवकीचं आहे. म्हणून उसाची तेजी वाळूपेक्षा कितीतरी जास्त टिकली, चाळीस वर्षांच्या वर. पण ती आवक आमच्या हातात नाही. ती भीमाशंकरच्या, मावळ-मुळशीच्या पावसावर आहे, आणि वाटेत पुणे, पिंपरी-चिंचवड वाढतंय. सोलापूर शहराला पाणी हवं म्हणून नदीत सोडलेलं पाणी आमच्या भागातल्या औज बंधाऱ्यापर्यंत येतं, तेव्हा वाटेतल्या मोटारी बंद ठेवायला वीज तोडावी लागते. ज्या सुगीला वायरमनचा पहारा लागतो ती किती भक्कम, तुम्हीच ठरवा.

आणि जिथं कालवा नाही, तिथं बोअर. हे मात्र पुन्हा वाळूसारखंच. आपल्या खाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. वरच्या दोनशे-अडीचशे फुटांतलं पाणी दर पावसात थोडं भरतं. त्याखालचं पाणी कधीचं साचलेलं असतं, ते एकदा काढलं की काढलं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल जाण्यावर निर्बंध घातले आहेत. आपल्या गावात शेवटचा बोअर किती फूट गेला, पालकहो, मनातल्या मनात आठवा.

हिवरे बाजारचं नाव काढलं की हल्ली लोक कंटाळतात, प्रत्येक प्रशिक्षणात तेच ऐकून. तरी एक गोष्ट सांगते, कारण ती शाळेतल्या हिशोबासारखी आहे. पाऊस संपला की तिथं गावातल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि यंदा कुठलं पीक घ्यायचं ते त्यावर ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. सगळ्यांना ते जमेल असं नाही. पण तिथं "किती दिवस पुरेल" हा प्रश्न पाणी संपल्यावर नाही, आधी विचारतात.

माझं मत स्पष्ट सांगायचं तर, तेजी थांबवा असं मी कुणाला म्हणणार नाही. गरिबाच्या दारात चार पैसे आले तर शिक्षकाने नाक मुरडू नये. आपला पगार दर महिन्याला होतो, म्हणून आपल्याला हे बोलायला सोपं जातं. माझा आक्षेप पैशाला नाही. वाळू गेली आणि तिच्या बदल्यात गावात काय राहिलं, हा माझा प्रश्न आहे. नॉर्वे देशाला १९६९ मध्ये समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. तेल संपणार हे धरूनच त्यांनी १९९० मध्ये कायदा करून एक निधी काढला, तेलाचा पैसा त्यात टाकला आणि दर वर्षी त्यातला साधारण तीन टक्केच खर्चायचा असं ठरवलं. नदी एका पिढीची, तसं तेलही एका पिढीचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. गोव्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खनिज विक्रीतला दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायला सांगितलं.

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. २०१५ मध्ये खाणकायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणीमुळे बाधित होणाऱ्या भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. पिण्याचं पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांना त्यात प्राधान्य आहे. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय कधी निघालाय का? आमच्या बैठकीत मी काढला तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, असं काही असतंय व्हय? त्यांना दोष नाही, मलाही ते उशिराच कळलं. नदीकाठच्या, क्रशरजवळच्या गावांतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी ग्रामसभेत एवढं तरी विचारावं, की आमच्या शिवारातून किती ब्रास गेली आणि त्यातून आमच्या गावासाठी काय आलं. लेखी विचारावं.

वर्गात मी एक वही ठेवली आहे. शाळेजवळच्या विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुलं मोजतात. दोरीला दगड बांधून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. काठावर पोरांना एकटं सोडू नका, हे आधी सांगते. ऑक्टोबरचा आकडा आणि मेचा आकडा यांच्यात किती फरक आहे, मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, याचा आलेख तीच काढतात. मागच्या वर्षी एका मुलीने तो घरी नेऊन आजोबांना दाखवला आणि आजोबांनी तिला त्यांच्या लहानपणीच्या पाण्याची खूण दाखवायला स्वतः विहिरीवर नेलं. दगडी बांधकामात एक पायरी आहे, तिथपर्यंत उन्हाळ्यातही पाणी असायचं म्हणे. आमची दोरी तिच्यापासून बरीच खाली जाते.

ज्या मुलापासून सुरुवात केली, तो मला परवा मंद्रूपच्या बाजारात भेटला. मीच ओळखलं नाही, त्यानेच हाक मारली. त्यांनी मधे फायनान्सवर स्वतःचा टिपर घेतला होता. हप्ते थकले आणि कंपनीने ओढून नेला. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, क्रशरवरून क्रश सँड नेतो. वडील थकलेत, म्हणाला. मी नदीचं काही काढलं नाही, त्यानेही नाही. जाता जाता थांबून त्याने विचारलं, "मॅडम, सतरा नंबरचा फॉर्म आता या वयात भरता येतो का? एसटीत ड्रायव्हर व्हायला दहावी लागती म्हणायलेत."

येतो, म्हटलं. शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो त्याने कधी काढलाच नव्हता. जुन्या शाळेच्या रजिस्टरला त्याचं नाव अजून असेल, येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन बघते, असं सांगून मी त्याचा नंबर घेतला.